जड बोटवाहू ट्रेलरच्या ब्रेकप्रणाली : ऐतिहासिक व तौलनिक विचार

सारांश

मोटारगाडीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या जड बोटींच्या ट्रेलरसाठी विसाव्या शतकात प्रामुख्याने तीन ब्रेकप्रणाली प्रचारात आल्या : विद्युत ब्रेक, जडत्वावर चालणारा सर्ज ब्रेक आणि या दोहोंच्या संयोगातून साकारलेला विद्युत-द्रवीय ब्रेक. या प्रणालींची तुलना सामान्यतः थांबण्याचे अंतर आणि किंमत या दोन निकषांवर केली जाते. प्रस्तुत निबंधात ही तुलना इतिहासाच्या आधारे मांडली आहे. ब्रेक लावण्याचा हुकूम कोणाचा, जोडणी तुटल्यास काय होते आणि पाण्यात बुडाल्यावर प्रणाली किती काळ टिकते, या तीन प्रश्नांनी या तंत्रज्ञानाचे वळण ठरवले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : बोटवाहू ट्रेलर, विद्युत ब्रेक, सर्ज ब्रेक, डिस्क ब्रेक, वाहतूक कायदा, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाच्या इतिहासात वेगाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे वेग रोखण्याच्या साधनांना मिळालेले नाही. वाफेचे इंजिन, अंतर्ज्वलन इंजिन, विमान यांच्या शोधकथा पाठ्यपुस्तकांत येतात. ब्रेकची कथा मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. वस्तुतः वेग वापरण्याजोगा होतो तो थांबण्याची खात्री असल्यामुळेच.

स्वतःचे इंजिन नसलेल्या वाहनाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ट्रेलरला स्वतःची गती नसते, पण ओढणाऱ्या वाहनाने दिलेली गती तो साठवून ठेवतो. बोटीसह ४ टन वजनाचा ट्रेलर ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्यातील गतिज ऊर्जा १२.५ लक्ष ज्यूल इतकी भरते. सुमारे ३ लिटर पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. वेग निम्मा केला, तर ही ऊर्जा एक चतुर्थांश होते. थांबण्याच्या काही सेकंदांत ती कोठेतरी उष्णतारूपाने बाहेर टाकावी लागते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो सर्व भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर आणि टायरवर पडतो. शिवाय मागील वजन गाडीला ढकलत राहते आणि वळणावर ट्रेलर आडवा होऊन गाडीच्या बाजूला येण्याचा धोका निर्माण होतो.

बोटवाहू ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक अट येऊन मिळते. प्रवास संपताच हा ट्रेलर उलट दिशेने उतारावरून पाण्यात नेला जातो आणि त्याची चाके, हब व ब्रेक पाण्याखाली जातात. रस्त्यावरील इतर कोणत्याही प्रचलित वाहनाला असा नित्याचा जलप्रवेश घडत नाही. म्हणूनच ब्रेकच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न या एका साधनात स्पष्टपणे दिसून येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) जड बोटवाहू ट्रेलरच्या प्रमुख ब्रेकप्रणालींचा उगम व विकास समजून घेणे.
२) हुकूम, सुरक्षा आणि टिकाऊपणा या निकषांवर त्यांची तुलना करणे.
३) अमेरिका व युरोप येथील कायद्यांनी या प्रणालींच्या निवडीवर केलेला परिणाम तपासणे.

मोटारगाडी, पिकअप अथवा मध्यम ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरपुरता हा अभ्यास मर्यादित आहे. मोठ्या यॉट वाहून नेणाऱ्या, हवेच्या दाबावर ब्रेक चालणाऱ्या अवजड वाहनांचा उल्लेख अनुषंगाने केला आहे. या प्रकारच्या ट्रेलरचा वापर मोठ्या प्रमाणावर ज्या प्रदेशांत वाढला, त्या अमेरिका व युरोपवर विवेचनाचा भर आहे.

रेल्वेचा वारसा : तुटलेल्या जोडणीचा प्रश्न

ट्रेलरच्या ब्रेकसंबंधीचा पहिला मोठा धडा रेल्वेने दिला. प्रारंभीच्या आगगाड्यांत इंजिनाला आणि काही डब्यांना हाताने लावायचे ब्रेक असत. मधल्या डब्यांना स्वतःची थांबण्याची शक्ती नसे. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. या पहिल्या रचनेत इंजिनातून दाबाखालील हवा नळीवाटे सर्व डब्यांकडे पाठवली की ब्रेक लागत. मात्र नळी फुटली किंवा डबे सुटे झाले, तर ब्रेक लावण्याची शक्तीच नाहीशी होई.

वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ मध्ये ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि एक विशेष झडप बसवण्यात आली. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहत आणि दाब कमी होताच डब्यातील टाकीतील हवा ब्रेक लावी. त्यामुळे नळी तुटणे हाच ब्रेक लावण्याचा हुकूम ठरला. बिघाड झाल्यास वाहन आपोआप थांबावे, हे तत्त्व येथे यंत्ररचनेत उतरले.

हे तत्त्व किती मोलाचे होते याची जाणीव १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे झालेल्या अपघाताने करून दिली. रविवारच्या शाळेची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडली. इंजिनाला भार पेलवेना म्हणून गाडीचे दोन भाग करण्यात आले. या गाडीला निर्वात ब्रेक होता, परंतु तो स्वयंचलित नव्हता. नळीची जोडणी सोडताच मागील डब्यांवरील ब्रेक निरुपयोगी झाला. हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना अखंड व स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेत १८९३ च्या रेल्वे सुरक्षा कायद्याने शक्तिचलित ब्रेक व स्वयंचलित जोडणी बंधनकारक केली.

रस्त्यावरील ट्रेलरच्या कायद्यात पुढे जी तरतूद आली, तिचे मूळ या अनुभवात आहे. ब्रेक आवश्यक असलेला ट्रेलर ओढणाऱ्या वाहनापासून तुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत, अशी अट अमेरिकेच्या व्यापारी वाहनांविषयीच्या संघीय नियमांत आहे. वेस्टिंगहाऊस यांनी हवेच्या टाकीने साधलेली गोष्ट ट्रेलरवर छोट्या बॅटरीने, तारेने किंवा एका खटक्याने साधली जाते.

विद्युत ब्रेक : चालकाच्या हाती हुकूम

रस्त्यावरील ट्रेलरसाठी विद्युत ब्रेक प्रचारात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे आर्थर पी. वॉर्नर यांच्याकडे जाते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बिलॉइट येथे त्यांनी आपल्या बंधूंसमवेत मोटारीचा वेगमापक बनवण्याचा व्यवसाय उभारला होता. वेग मोजण्याच्या धंद्यात नाव कमावलेल्या या गृहस्थांनी १९२७ मध्ये वेग रोखणारा विद्युत ब्रेक बनवण्यासाठी नवी कंपनी स्थापन केली.

विद्युत ब्रेकची रचना तत्त्वतः सोपी आहे. चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाजवळ एक विद्युतचुंबक असतो. चालकाने प्रवाह सोडताच चुंबक या पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो. त्याला जोडलेली तरफ वळते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे चुंबकाला स्वतः फारसे बळ लावावे लागत नाही. फिरत्या चाकाचीच शक्ती चाक थांबवण्यासाठी वापरली जाते. त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीतून प्रत्येक चाकामागे साधारण ३ अँपिअर प्रवाह पुरतो.

या प्रणालीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे हुकूम चालकाकडे राहतो. गाडीचा ब्रेक न लावता केवळ ट्रेलरचा ब्रेक लावता येतो. मागील ट्रेलर डोलू लागला, तर असा स्वतंत्र ब्रेक त्याला सरळ करतो. हुकूम किती तीव्र असावा, हे ठरवण्यासाठी आरंभी हाताने फिरवायची विद्युतरोधाची कळ असे. पुढे गाडीच्या ब्रेक ऑईलच्या नळीतील दाब मोजणारे नियंत्रक आले. द्विमार्गी ब्रेक व नंतर चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांमुळे त्या नळीला जोड देणे गैरसोयीचे झाले. त्यानंतर मंदन स्वतः मोजणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक रूढ झाले. फोर्ड कंपनीने २००५ च्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये ट्रेलर ब्रेकचा नियंत्रक कारखान्यातूनच बसवून दिला.

पर्यटकांची फिरती घरे, मालवाहू ट्रेलर, जनावरांचे ट्रेलर यांच्यासाठी विद्युत ब्रेकने उत्तर अमेरिकेत जम बसवला. बोटींच्या बाबतीत मात्र त्याची वाट पाण्याने अडवली. चुंबकाची गुंडाळी, तारांचे जोड आणि लोखंडी पृष्ठभाग यांना पाण्याचा, विशेषतः खाऱ्या पाण्याचा, वारंवार स्पर्श होऊ लागला की गंज चढतो आणि प्रवाह खंडित होतो. हे बिघाड बाहेरून दिसत नाहीत. एका चाकाचा ब्रेक बंद पडून दुसऱ्याचा चालू राहिल्यास ट्रेलर एका बाजूला ओढला जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यांवर काही प्रमाणात हे ब्रेक वापरले गेले तरी समुद्रकिनाऱ्यावर त्यांना स्थान मिळाले नाही.

बोट रस्त्यावर येते

बोट ही मुळात पाण्याकाठी राहणारी वस्तू. ती घराच्या अंगणात येण्यासाठी अनेक घटना जुळून याव्या लागल्या. पहिली घटना म्हणजे काढता-घालता येणारे इंजिन. नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड यांनी विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये बोटीच्या मागे अडकवायच्या इंजिनाचा व्यापारी पाया घातला. बोट पाण्यात चालवणारे हे इंजिन आणि ट्रेलर रस्त्यावर थांबवणारा विद्युत ब्रेक या दोन्ही वस्तू एकाच राज्यातून पुढे आल्या.

दुसरी घटना नव्या पदार्थाची. ओहायोतील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू व पॉलिएस्टर रेझिन यांची बोट तयार केली. लाकडी बोट पाण्याबाहेर दीर्घकाळ राहिली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. काचतंतूच्या बोटीला हा दोष नसतो. म्हणून ती वर्षातील बराच काळ ट्रेलरवर ठेवता येऊ लागली.

तिसरी घटना रस्ते आणि जलाशयांची. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणासारख्या योजनांनी समुद्रापासून दूरच्या प्रदेशांत मोठे जलाशय निर्माण केले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने सुमारे ६६,००० किलोमीटर आंतरराज्य महामार्गांचा मार्ग मोकळा केला. शहरात राहून दूरच्या तळ्यावर बोट नेणे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आले. बोटी मोठ्या होत गेल्या, इंजिने जड होत गेली आणि महामार्गावरील वेगही वाढला. ब्रेकविना चालणारा हलका ट्रेलर आता पुरेसा नव्हता.

सर्ज ब्रेक : भारानेच दिलेला हुकूम

या गरजेला उत्तर म्हणून जी प्रणाली स्थिरावली, ती अमेरिकेत सर्ज ब्रेक आणि ब्रिटनमध्ये ओव्हररन ब्रेक या नावाने ओळखली जाते. तिच्यामागील तत्त्व जडत्वाचे आहे. गाडी मंदावली की मागील ट्रेलर आपला वेग कायम ठेवू पाहतो आणि जोडणीवर पुढे रेटा देतो. जोडणीचा एक भाग दुसऱ्या भागात मागेपुढे सरकू शकेल असा बनवलेला असतो. हा रेटा त्या सरकत्या भागावाटे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतो. ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि चाकांचे ब्रेक लागतात.

द्रवीय ब्रेकचे तंत्र तोवर सिद्ध झाले होते. माल्कम लॉकहीड यांनी विकसित केलेला चारही चाकांचा द्रवीय ब्रेक १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग मोटारीत आला होता. सर्ज ब्रेकने त्याच तंत्रात चालकाच्या पायाची जागा ट्रेलरच्या रेट्याला दिली.

या योजनेचे फायदे व्यवहारात लगेच पटले. गाडीत नियंत्रक बसवावा लागत नाही, ब्रेकसाठी तार ओढावी लागत नाही, आणि योग्य क्षमतेची कोणतीही गाडी जोडून ट्रेलर नेता येतो. बोट जितकी जड तितका रेटा अधिक आणि ब्रेकही तितकाच जोरदार. पाण्यात बुडणाऱ्या भागांत विजेचा संबंध उरत नाही. बोटविक्रेते, भाड्याने ट्रेलर देणारे व्यावसायिक आणि हौशी मालक या सर्वांना ही सोय मानवली.

दोषही त्याच तत्त्वातून उद्भवतात. पहिला दोष असा की ट्रेलरने गाडीला ढकलल्याशिवाय ब्रेक लागतच नाही. ट्रेलर डोलत असताना केवळ त्याचाच ब्रेक लावण्याची सोय चालकाला नसते. दुसरा दोष लांब उतारावर जाणवतो. ४ टनांचा ट्रेलर स्थिर वेगाने ३०० मीटर उंची उतरला, तर सुमारे १ कोटी १८ लक्ष ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ती वर सांगितलेल्या एका थांब्याच्या नऊपटीहून अधिक आहे. शहाणा चालक अशा वेळी खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनाच्या साहाय्याने वेग आवरतो. परंतु इंजिनाने गाडी रोखून धरली की ट्रेलर पुढे रेटा देतो आणि त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही ट्रेलरचे ड्रम तापत जातात.

तिसरा दोष उलट जाण्याचा. गाडी मागे घेताना चढ असेल किंवा जमीन मऊ असेल, तर जोडणी दाबली जाते आणि ब्रेक नको असताना लागतो. यावर दोन उपाय निघाले. ड्रम ब्रेकमध्ये चाक उलटे फिरू लागताच शूची पकड सुटेल अशी रचना करण्यात आली. डिस्क ब्रेकमध्ये अशी रचना शक्य नसल्याने गाडीच्या मागे जाण्याच्या दिव्याचा प्रवाह वापरून ब्रेक ऑईलचा मार्ग बंद करणारी विद्युत झडप बसवली जाऊ लागली. विजेला टाळणाऱ्या प्रणालीत वीज अशा रीतीने परत आली.

बोट पाण्यात उतरवण्याच्या धक्क्यावर या प्रणालीची मर्यादा सर्वांत स्पष्ट होते. तेथे ट्रेलर गाडीच्या खालच्या बाजूला असतो. जोडणीवर रेटा नसून ताण असतो. त्यामुळे निसरड्या, शेवाळलेल्या उतारावर सर्ज ब्रेक काहीही मदत करीत नाही. बोट, ट्रेलर आणि गाडी यांचे सर्व वजन गाडीच्या ब्रेकने आणि तिच्या टायरच्या पकडीने पेलावे लागते. बोटीसाठी म्हणून स्वीकारलेला ब्रेक बोट पाण्यात उतरवण्याच्या क्षणी मूक राहतो, ही या प्रणालीतील मोठी विसंगती होय.

युरोपीय मार्ग

युरोपात याच जडत्वतत्त्वाला वेगळे रूप मिळाले. तेथे रेट्याचे बळ द्रवाऐवजी दांडे आणि पोलादी केबल यांच्यावाटे चाकांपर्यंत नेण्याची पद्धत रूढ झाली. बव्हेरियातील अल-को या १९३१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीसारखे उत्पादक या क्षेत्रात अग्रेसर राहिले. उलट जाताना आपोआप मोकळा होणारा ड्रम ब्रेक तेथे सार्वत्रिक झाला.

कायद्यानेही या प्रणालीला स्पष्ट चौकट दिली. युरोपीय आर्थिक समुदायाचा १९७१ चा ब्रेकविषयक निर्देश आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा तेरावा नियम यांनी ट्रेलरचे वजनानुसार वर्ग पाडले. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. ७५० ते ३,५०० किलोपर्यंत जडत्वचालित ब्रेक चालतो. त्यापुढील ट्रेलरला चालकाच्या हुकमावर चालणारी अखंड ब्रेकप्रणाली लागते. याचा अर्थ असा की, भाराने स्वतःला थांबवावे हा विश्वास युरोपने एका निश्चित वजनापर्यंतच मान्य केला.

युरोपीय ट्रेलरला हातब्रेक असतो, हा आणखी एक महत्त्वाचा भेद. जोडणी तुटल्यास एक बारीक तार हा हातब्रेक ओढते आणि ट्रेलर थांबतो. उभा केलेला ट्रेलर जागेवर ठेवण्यासही त्याचा उपयोग होतो. अमेरिकन बोटवाहू ट्रेलरवर हातब्रेक सहसा आढळत नाही. तेथे जोडणी तुटल्यास साखळी किंवा तार मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ओढून खटक्याने अडकवून ठेवते. युरोपीय पद्धतीची दुबळी बाजू केबलमध्ये आहे. खाऱ्या पाण्याने केबलच्या आवरणात गंज धरला की ती अडकते. मग ब्रेक लागत तरी नाही किंवा लागलेला सुटत तरी नाही.

ड्रम आणि डिस्क : खाऱ्या पाण्याची कसोटी

महामार्गावरून येताना ब्रेक आणि हब तापलेले असतात. अशा अवस्थेत ते थंड पाण्यात बुडाले की हबमधील हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस खराब होते, बेअरिंग गंजतात. स्प्रिंगच्या दाबाने ग्रीस भरलेले ठेवणारी टोपणे हबवर बसवण्याची पद्धत यामुळेच पडली.

ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरते, पण सहज बाहेर पडत नाही. खारे पाणी सुकून मिठाचे थर शू, स्प्रिंग आणि चाकाजवळील सिलिंडर यांवर बसतात. ब्रेक ऑईल स्वतः हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे आतूनही गंज सुरू होतो. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने ड्रमचा आतला भाग धुण्यासाठी खास नळ्या बसवाव्या लागतात. ड्रमच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र आहे. फिरणारा ड्रम शूला स्वतःकडे खेचतो, त्यामुळे कमी दाबातही पकड घट्ट बसते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मॉंच्या शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वारने विजय मिळवल्यावर तिच्याकडे मोटार उद्योगाचे लक्ष गेले आणि १९५५ च्या सिट्रॉन डीएस मोटारीत तिचा वापर झाला. बोटवाहू ट्रेलरवर डिस्क येण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. तेथे तिच्या पसंतीचे मुख्य कारण पाण्याशी निगडित होते. डिस्क उघडी असल्याने पाणी साचत नाही, चाक फिरताच ती कोरडी होते आणि साध्या नळाने धुता येते. पोलादावर जस्ताचा मुलामा, गंजरोधक लेप किंवा संपूर्ण स्टेनलेस स्टील यांचाही वापर करता येतो.

तथापि, डिस्कमध्ये ड्रमसारखा स्वयंबलवर्धक परिणाम नसतो. म्हणून तिला अधिक दाब लागतो. विद्युत-द्रवीय पंप ड्रमसाठी सामान्यतः चौरस इंचाला १,००० पौंड आणि डिस्कसाठी १,६०० पौंड दाबाचे बनवले जातात, यावरून हा फरक ध्यानात येतो. ड्रमसाठी बनवलेल्या यंत्रणेवर नुसत्या डिस्क बदलून बसवल्या, तर दाब अपुरा पडतो. अर्थात ब्रेकचा एक भाग बदलला की पूर्ण प्रणालीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

कायद्याची भूमिका : २००७ चा नियम

अमेरिकेत खासगी ट्रेलरला ब्रेक केव्हा लागतो, हे राज्ये ठरवतात. वजनाची मर्यादा राज्यागणिक वेगळी असून अनेक राज्यांत ती ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६१ किलो आहे. व्यापारी वाहतुकीवर मात्र संघीय नियम लागू होतात. या नियमांची अपेक्षा अशी होती की ब्रेक सदैव कार्यक्षम असावेत आणि सर्व ब्रेक चालकाच्या एकाच कळीने लागावेत. सर्ज ब्रेक उलट दिशेने काम करीत नाही आणि तो चालक थेट लावतही नाही. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली. हौशी मालकाला जो ट्रेलर रस्त्यावर नेता येई, तोच ट्रेलर बोटविक्रेत्याने व्यवसायासाठी नेल्यास नियमभंग ठरू शकत असे.

उत्पादक व व्यावसायिक यांच्या संयुक्त गटाने केलेल्या विनंतीनंतर संघीय मोटारवाहक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये नियमात बदल केला. ट्रेलरचे निर्धारित एकूण वजन १२,००० पौंड, म्हणजे सुमारे ५,४४३ किलोपर्यंत असेल, तर ते ओढणाऱ्या वाहनाच्या निर्धारित एकूण वजनाच्या १.७५ पटीपेक्षा अधिक नसावे. १२,००० ते २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९,०७२ किलोपर्यंत असेल, तर हे प्रमाण १.२५ पटीपेक्षा अधिक नसावे. उदाहरणार्थ, ६,००० पौंडांच्या वाहनाला १०,५०० पौंडांपर्यंतचा सर्ज ब्रेकचा ट्रेलर नेता येतो. १६,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी मात्र किमान १२,८०० पौंडांचे वाहन लागते.

हा बदल तांत्रिक वाटला तरी त्यातील दृष्टिकोन महत्त्वाचा आहे. पूर्वीचा नियम ब्रेक कोण लावतो, असे विचारत होता. नव्या नियमाने ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्या वजनाचा समतोल तपासला. युरोपने ट्रेलरच्या वजनाला एकच कमाल मर्यादा घातली, तर अमेरिकेने दोन वाहनांच्या परस्परप्रमाणाला मर्यादा घातली. एकाच भौतिक तत्त्वातून दोन समाजांनी दोन प्रकारचे कायदे घडवले.

विद्युत-द्रवीय प्रणाली : दोन परंपरांचा संगम

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जड बोटवाहू ट्रेलरवर तिसरी प्रणाली प्रस्थापित होत गेली. हिच्यात गाडीतील नियंत्रक विद्युतसंदेश पाठवतो. ट्रेलरच्या पुढील दांड्यावर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवलेला विद्युत पंप त्या संदेशाच्या प्रमाणात ब्रेक ऑईलवर दाब निर्माण करतो आणि चाकांवरील डिस्क किंवा ड्रम ब्रेक लागतात. हुकूम विजेचा, बळ द्रवाचे, अशी ही कामाची विभागणी आहे. बुडणाऱ्या भागांत विद्युतचुंबक नसतो आणि चालकाच्या हातून हुकूमही सुटत नाही.

लांब उतारावर इंजिनाने वेग आवरताना ही प्रणाली ट्रेलरचे ब्रेक विनाकारण घासत नाही. ट्रेलर डोलल्यास त्याचाच ब्रेक लावता येतो. उलट जाताना ब्रेक आड येत नाही आणि धक्क्यावरील उतारावरही तो उपयोगी पडू शकतो. मात्र पाण्यात जाण्यापूर्वी दिव्यांची विद्युतजोडणी सोडून ठेवण्याचा अनेक बोटमालकांचा प्रघात आहे. जोडणी सोडली की पंपालाही संदेश मिळत नाही. चांगल्या यंत्राचा लाभ वापरणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो, हे येथे प्रत्ययास येते.

या प्रणालीची किंमत अधिक आहे, तिला सुस्थितीतील बॅटरी लागते आणि योग्य नियंत्रक असलेले वाहनच तिला चालते. कोणत्याही गाडीमागे जोडता येण्याचा सर्ज ब्रेकचा गुण तिच्यात नाही. याहून मोठ्या यॉटच्या वाहतुकीत ट्रक व हवेचा ब्रेक वापरला जातो आणि तेथे वेस्टिंगहाऊस यांचे तत्त्व जवळपास मूळ रूपातच भेटते.

निष्कर्ष

१) तिन्ही प्रणालींत निर्विवाद श्रेष्ठ अशी एकही नाही. विद्युत ब्रेक नियंत्रणात सरस, पण पाण्यात दुबळा आहे. सर्ज ब्रेक साधा व सर्वांना जोडता येणारा आहे, पण लांब उतार, डोलणे आणि धक्का या तीन ठिकाणी तो उणा पडतो. विद्युत-द्रवीय ब्रेक या उणिवा बऱ्याच अंशी भरून काढतो, पण खर्च आणि गुंतागुंत वाढवतो.

२) बोटवाहू ट्रेलरच्या बाबतीत थांबवण्याच्या क्षमतेइतकाच पाण्यातील टिकाऊपणा निर्णायक ठरला. कोरड्या रस्त्यावर यशस्वी झालेला विद्युत ब्रेक किनाऱ्यावर मागे पडला आणि चालकाचा हुकूम न मानणारा सर्ज ब्रेक तेथे टिकला.

३) वजन आणि उतार वाढत जाईल तसा हुकूम चालकाकडे असण्याची गरज वाढते. युरोपची ३,५०० किलोंची मर्यादा आणि अमेरिकेचे २००७ चे प्रमाण ही या एकाच जाणिवेची दोन रूपे आहेत.

४) जोडणी तुटल्यास ब्रेक आपोआप लागावा, ही अट कोणत्याही प्रणालीत तडजोडीचा विषय होऊ शकत नाही. आर्माच्या अपघातात सुमारे ८० जीव गेल्यानंतर जी गोष्ट ब्रिटिश रेल्वेवर कायद्याने सक्तीची झाली, तिचे पालन आज एका बारीक तारेवर, छोट्या बॅटरीवर किंवा खटक्यावर अवलंबून असते. ट्रेलर जोडताना सहज दुर्लक्षिली जाणारी वस्तू हीच असते. प्रणालीची निवड करताना जेवढा विचार होतो, तेवढाच या तारेच्या व बॅटरीच्या तपासणीचा व्हावा, असे या इतिहासावरून म्हणता येते.